नकट्याची ऊब

१

डेल्मर स्ट्राउड कामाला निघायचा तो नेहमी मागच्या दाराने. त्या दाराशी बुटांची अरुंद खोली होती. खाली चिखलाचे बूट आणि कोंबड्यांच्या दाण्याचं पिंप, खुंटीवर त्याचा तपकिरी जाड कोट, आणि कोटाच्या वर फळीवर आईच्या वेळचा बिडाचा तवा. दांडा मोडल्यापासून तवा चुलीवरून उठून फळीवर आला होता, आणि त्यात आता किल्ल्या, पाकीट, चाकू आणि रिव्हॉल्व्हर राहायचं. आधी बूट, मग कोट, मग डाव्या खिशात चाकू आणि रुमाल. सगळ्यात शेवटी रिव्हॉल्व्हर, चामडी कव्हरासकट, पँटच्या उजव्या खिशात. त्या खिशात दुसरं काहीही जायचं नाही. चिल्लर नाही, किल्ली नाही, पंपावरची पावतीसुद्धा नाही.

तो प्रोपेन गॅसचा टँकर चालवायचा. ओक्लाहोमाच्या पूर्वेकडच्या टेकड्यांत घरं एकमेकांपासून लांब, आणि प्रत्येक घराच्या अंगणात गॅसची पांढरी टाकी. थंडीभर त्या टाक्या भरत फिरायचं हे त्याचं काम. रस्ते कच्चे, कुत्री मोकळी, आणि कुठल्या फाटकामागे कोण राहायला आलंय याचा नेम नाही. शेजारच्या खोऱ्यात दोघांनी एका ड्रायव्हरला मारून झाडाला बांधून ठेवलं, त्यानंतर डेल्मर लायल पिकेटच्या दुकानात गेला होता. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

लायलने त्याच्यासमोर हिरव्या कापडावर तीन रिव्हॉल्व्हरं मांडली. तिन्ही आखूड नळीची. तिकडे अशा रिव्हॉल्व्हरला सगळे नकटंच म्हणतात. पहिलं सहा गोळ्यांचं, दणकट, पण खिशात घातलं की माणूस एका बाजूला कलायचा. दुसरं इतकं हलकं की झाडल्यावर तळहात सोलवटून काढायचं. तिसरं जुनं, वापरलेलं, पोलादी. नळीच्या तोंडाशी काळा रंग उडालेला, घोडा आत झाकलेला म्हणून खिशात कुठेही न अडकणारं, आणि लाकडी मुठीवरची खाचांची नक्षी हातांनी झिजून गुळगुळीत झालेली.

"नुसतं हातात धरून काय बघतोस?" लायल म्हणाला. "खिशात घाल आणि चालून ये. बस, वाक, गॅसचा पाइप ओढल्यासारखं कर. बूट घेताना माणूस दुकानभर फिरतो, आणि हे घेताना आरशात बघून खूश होतो."

डेल्मर चालला, वाकला, स्टुलावर बसला, उठला. तिसरं नकटं खिशात आहे हे तो तेवढ्यात विसरलासुद्धा. तेच घेतलं. लायलने पैसे गल्ल्यात टाकता टाकता बजावलं, की गॅसच्या गाडीजवळ झाडू नकोस बाबा, नाहीतर तुझा निरोप आम्हाला थेट आभाळातून मिळेल.

नऊ वर्षांत ते फक्त दुकानामागच्या माळावर, डब्यांवर झाडलं गेलं होतं. आणि एकदा एका सापावर. घरात आणखी दोन पिस्तुलं होती, वडिलांची शिकारीची बंदूक होती, पण जीव होता तो नकट्यावर. त्याच्याशिवाय घराबाहेर पडलं की डेल्मरला चष्मा विसरल्यासारखं वाटायचं.

जानेवारीतल्या एका सकाळी त्याने नेहमीसारखा तव्यात हात घातला. बुटांच्या खोलीत शेगडी नव्हती. दाराच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी उमटली होती, आणि तव्याची कड बोटांना चावत होती. किल्ल्या गार होत्या. चाकू गार होता.

नकटं कोमट होतं.

२

कोंबडीखालून नुकतंच काढलेलं अंडं जसं लागतं, तसं ते हाताला लागलं. डेल्मर ते धरून तसाच उभा राहिला. मग त्याने ते कव्हरात घातलं, खिशात टाकलं आणि कामाला गेला. दुपारपर्यंत तो ते विसरलाही.

दुसऱ्या दिवशीही कोमट. तिसऱ्या दिवशीही.

डेल्मर काही खुळा माणूस नव्हता. नळ्या, झडपा, दाब, तापमान यांच्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. भिंतीतून गरम हवेची नळी जात असेल, असं त्याने ठरवलं. भिंतीला हात लावला, ती बर्फासारखी होती. मग त्याने संध्याकाळी तव्यात नकट्याला खेटून एक पोलादी पाना ठेवला, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा. सकाळी पाना इतका गारठला होता की ओल्या बोटाला चिकटला. त्याला टेकून असलेलं नकटं कोमट होतं, आणि मूठ नळीपेक्षा जास्त.

त्याने चक्र उघडलं. पाचही गोळ्या जागच्या जागी, नळी स्वच्छ. मग त्याचं लक्ष चामडी कव्हराकडे गेलं. ते ओलसर होतं. जुलै महिन्यात, दिवसभर पाइप ओढल्यावर मांडीच्या घामाने व्हायचं, तसं. त्याने ते नाकाशी नेलं. वास घामाचाच होता, आणि परका नव्हता. स्वतःचा शर्ट धुवायला टाकताना येतो तो वास.

तिथे पहिल्यांदा तो घाबरला.

कारण डेल्मरचे वडील शेवटची दोन वर्षं असेच होते. जेवायच्या टेबलावर नीट बोलायचे, आणि मग कोट चढवून कुंपणाकडे जायचे, विकून टाकलेल्या गाई शोधायला. परत आल्यावर म्हणायचे, मी कुठे गेलो होतो, मी तर इथेच आहे. त्यांचा तो निरागस, थोडासा रागावलेला चेहरा डेल्मरच्या डोळ्यांपुढून हलत नसे. आता त्याला वाटलं, आली आपली पाळी. आपण झोपेतून उठत असू, पँट चढवत असू, नकटं खिशात घालून कुठेतरी जाऊन येत असू, आणि आपल्याला पत्ता नसेल.

त्या आठवड्यात टँकर चालवताना तो स्वतःची परीक्षा घेत राहिला. पुढचं फाटक कोणाचं, कुत्र्याचं नाव काय, टाकीचं झाकण कुठल्या बाजूला उघडतं. सगळं बिनचूक आठवत होतं. त्याने समाधान व्हायला हवं होतं. ते झालं नाही, कारण त्याच्या वडिलांनाही गाईंची नावं बिनचूक आठवायची.

नोरीनला त्याने काहीच सांगितलं नाही.

३

नोरीन त्याची बायको. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात ती काम करायची. तो गेल्यावर तासाभराने निघायची. बोलायला फटकळ, हाताने चपळ. शनिवारी दुपारी ती इस्त्री करत होती आणि तिने त्याला आतल्या खोलीतून हाक मारली.

इस्त्रीच्या फळीवर त्याची राखाडी पँट पसरलेली होती, चर्चला जायची. तिने उजवा खिसा बाहेर काढून दाखवला. अस्तर झिजून जाळी झालं होतं. मग तिने पँट उजेडाकडे धरली. मांडीवर, बाहेरच्या कापडावर, रंग उडून एक आकार उमटला होता. आखूड नळी, फुगीर चक्र, वाकडी मूठ. वर्षानुवर्षं एकाच खिशात एकच वस्तू ठेवली की उमटतो तसा.

"मला वाटलं होतं निदान देवाच्या घरी तरी तू हे नेत नसशील," नोरीन म्हणाली. तिने ते थट्टेच्या सुरात म्हटलं, पण इस्त्री बाजूला उभी करून ठेवली.

डेल्मर म्हणाला, की मी चर्चला ते कधीच नेत नाही, तुला माहीत आहे. पँट नाताळापासून कपाटात आहे. आणि ती शिवून घेऊन पुरतं वर्षही झालेलं नाही.

नोरीन बराच वेळ पँटची घडी घालत राहिली. एकदा घातलेली घडी मोडून तिने पुन्हा घातली.

"मग एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगायचं. गाडी घेऊन गेल्यावर तू परत का येतोस?"

त्याला प्रश्नच कळला नाही. तेव्हा तिने सांगितलं. दोनेक आठवड्यांपासून, तो निघून गेल्यावर, ती स्वयंपाकघरात भांडी घासत असताना तो लाकडांच्या ढिगाऱ्याशी उभा असतो. घराकडे तिरका, अर्धा पाठमोरा. हीच राखाडी पँट आणि तपकिरी कोट. उजवा हात खिशात. पहिल्यांदा तिला वाटलं, काही विसरला असेल. तिने काचेवर टकटक करून हात हलवला, तर त्याने बघितलं नाही. दार उघडून बाहेर आली तोवर तो तिथे नव्हता. मग तिने दार उघडणं सोडून दिलं.

"मला का नाही विचारलंस?"

"कसं विचारणार?" तिचा आवाज फाटला. "नवरा कामावर न जाता अंगणात उभा राहतो, हात त्या खिशात घालून. कशासाठी उभा राहत असेल? मी विचारलं आणि तू खरं सांगितलंस तर?"

तेव्हा डेल्मरच्या ध्यानात आलं, की गेले दोन आठवडे त्याची बायको रोज सकाळी भांडी घासत घासत एका आवाजाची वाट बघत होती. त्याने तिला जवळ घेतलं. ती रडत होती. तिच्या डोक्यावरून त्याला फळीवरची पँट दिसत होती, आणि तो मनात हिशेब मांडत होता, की त्या वेळी मी टँकरवर होतो. कुठल्या घरी होतो हेही सांगू शकतो. टाकी भरून घेतलेली माणसं साक्ष देतील.

म्हणजे वडिलांचं दुखणं आपल्याला नव्हतं. आणि हे कळून त्याला जरासुद्धा हायसं वाटलं नाही.

४

तरीही नोरीनने त्याला टल्साला डॉक्टरांकडे नेलं. तिथे त्याला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द सांगून मग परत विचारले, डोक्याचे फोटो काढले. तरुण डॉक्टर म्हणाला, की तुमच्या वयाच्या माणसाचं इतकं स्वच्छ डोकं मी या महिन्यात बघितलेलं नाही. नोरीनने त्याचे आभार मानले. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत होती.

येताना त्यांनी नकटं लायलच्या दुकानात ठेवलं. डेल्मरने सांगितलं, की थोडे दिवस घरात नको आहे, कारण विचारू नकोस. लायल कारण विचारणारा नव्हता, पण एक टोमणा मारल्याशिवाय राहणाराही नव्हता. नोरीनला म्हणाला, की वहिनी, याचा खिसा रिकामा झाला, आता त्यात बायकोला हात घालता येईल. नोरीन हसली नाही. लायलने नकटं मागच्या खोलीतल्या तिजोरीत, पोलादी फळीवर ठेवलं आणि त्यांच्यादेखत तिजोरीची मूठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेलाच त्याचा फोन आला. डेल्मर गेला तेव्हा लायल दुकानाच्या पायरीवर उभा होता, थंडीत, कोट न घालता.

आत जाऊन त्याने तिजोरीकडे नुसती मान केली. तिजोरीत तीसेक हत्यारं होती. डेल्मर एकेकाला हात लावत गेला. सगळी गारठलेली. नकट्यापाशी पोचायच्या आधीच त्याच्या बोटांना ते जाणवलं. शेजारच्या पिस्तुलाची नकट्याकडची बाजू त्या उबेने दमट झाली होती.

"कव्हर बघ," लायल म्हणाला.

कव्हर ओलं होतं.

"या खोलीची चावी एकच आहे," लायल म्हणाला, "आणि ती माझ्या गळ्यात असते." त्याच्या आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. नऊ वर्षांत डेल्मरने त्याला असं बोलताना ऐकलं नव्हतं. "मला काही सांगू नकोस, डेल. मला ऐकायचंच नाहीये. फक्त हे घेऊन जा. कोणीतरी ते अंगावर वागवतंय, आणि त्याने ते घ्यायला माझ्या दुकानात यायला नकोय मला."

डेल्मरने नकटं खिशात घातलं. मांडीला ऊब लागली. आणि त्याला लाज वाटली ती याची, की त्या उबेने त्याला बरं वाटलं. दिवसभर रिकामा राहिलेला खिसा भरला होता.

५

पुढची युक्ती नोरीनची. ती म्हणाली, की उद्या तू कामावर जायचं नाही, मीही जात नाही. ते टेबलावर ठेवायचं, रिकामं करून, आणि आपण दोघांनी समोर बसून राहायचं. काय होतं ते एकत्र बघू. "एकट्याने बघितलेलं काही खरं नसतं," ती म्हणाली.

सकाळ लख्ख होती. अंगणात बर्फ नव्हतं, नुसतं पांढरं कडक दहिवर. नोरीनने अंडी केली, बिस्किटं म्हणतात ते तिकडचे मऊ पाव भाजले, वर मांसाचा दाट रस्सा घातला. डेल्मरने चक्र उघडून पाचही गोळ्या बशीत काढल्या आणि नकटं टेबलाच्या मधोमध ठेवलं, दोघांच्या कपांच्या मध्ये. ते कोमट होतं. नोरीननेही हात लावून बघितला आणि हात झग्याला पुसला.

ते जेवले. कॉफी प्यायले. थोड्या वेळाने नोरीन शाळेतल्या एका बाईची गंमत सांगू लागली. डेल्मर हसला. ऊन टेबलावर आलं. त्याला वाटलं, आपण दोघं किती वेडे आहोत, एक लोखंडाचा तुकडा मांडून बसलोय.

मागच्या खुराड्यात कोंबड्यांची कुरबुर चालू होती. ती थांबली.

नोरीनचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. ती त्याच्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होती. डेल्मरने तिचा चेहरा बघितला, आणि त्याला मान वळवायचा धीर होईना. तीस वर्षांत तिचे सगळे चेहरे त्याने बघितले होते. हा त्यातला नव्हता. ती घाबरलेली नव्हती. घरातून हरवलेलं माणूस अचानक फाटकात दिसावं, तशी ती बघत होती.

तो वळला.

लाकडांच्या ढिगाऱ्याच्या कडेला एक खांदा आणि एक कोपर दिसत होतं. तपकिरी जाड कोट. डेल्मरने आपोआप बुटांच्या खोलीकडे बघितलं. उघड्या दारातून त्याचा कोट खुंटीवर लटकलेला दिसला. पुन्हा बाहेर. राखाडी पँट. उजवा हात मनगटापर्यंत खिशात. भार डाव्या पायावर, कारण उजव्या गुडघ्यात कळ. ही कळ डेल्मरची होती. असं उभं राहणं त्याचं होतं. स्वतःला पाठमोरं कोणी कधी बघत नाही, पण त्याने ओळखलं.

त्याचा हात टेबलावर गेला. बोटं नकट्यावर पडली आणि त्याने ती चटकन मागे घेतली. ते बर्फासारखं झालं होतं. त्यातली ऊब निघून गेली होती.

त्याने पुन्हा बाहेर बघितलं तेव्हा ढिगाऱ्याशी कोणी नव्हतं. कोंबड्या बोलायला लागल्या होत्या.

नोरीन अजून खिडकीकडेच बघत होती. आणि डेल्मरला दिसलं, की तिचा डावा हात टेबलापासून वर उचललेला आहे, छातीपर्यंत, बोटं जराशी पसरलेली. कोणाला तरी गुपचूप 'थांब' म्हणावं, तसा. हात वर आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिने तो मांडीवर घेतला.

६

ते लगेच निघाले. नोरीनची बहीण ग्लेंडा धरणापलीकडे राहायची, तिच्याकडे जायचं ठरलं. नोरीनने दोन कपडे पिशवीत टाकले, बशीतल्या गोळ्या रुमालात बांधल्या. नकटं डेल्मरने सवयीने खिशात घातलं. गाडीत तो एकटाच बोलत होता. शेरीफला कळवू म्हणाला, कुलपं बदलू म्हणाला, कोणीतरी माझे कपडे घालून आपल्याला छळतंय म्हणाला. ती दाराला टेकून बसली होती.

धरणाच्या भिंतीपाशी तिने गाडी थांबवायला सांगितली.

"एक सांग," ती म्हणाली. समोर काचेतून बघत होती. "आपल्या मुलीचं नाव काय ठेवणार होतो?"

"एडिथ," डेल्मर म्हणाला.

नोरीनचा चेहरा पांढराफटक पडला. तिने दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरली.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे." तिने पिशवी आणखी घट्ट धरली. मग म्हणाली, "तिला पुरून आलो त्या दिवसापासून तू ते नाव घेतलेलं नाहीस. एकदाही नाही. तुला ते उच्चारताच येत नव्हतं, डेल. थडग्यावर कोरायला सांगतानासुद्धा तू कागदावर लिहून दिलं होतंस. आणि आता पटकन सांगितलंस. मी वार विचारला असता तर सांगितला असतास, तसं."

नाव त्याच्या तोंडातून सहज आलं होतं, हे खरं होतं. ते जिथून आलं तिथे काही दुखलं नव्हतं. दुखायला हवं होतं हे त्याला आठवत होतं.

"तू त्याचा चेहरा बघितलास," तो म्हणाला. "मी वळायच्या आधी."

"हो."

"माझ्यासारखा होता?"

"तूच होतास." तिने पहिल्यांदा त्याच्याकडे वळून बघितलं. "इतके दिवस मला वाटत होतं, तो घरावर डोळा ठेवून आहे. आपल्यावर. तसं नव्हतं. तो घाबरलेला होता, डेल. माझ्यासाठी घाबरला होता. डाव्या हाताने मला खुणावत होता, हळूच बाहेर ये म्हणून. आणि सगळा वेळ तुझ्या पाठीकडे बघत होता."

धरणावरून वारा येत होता आणि गाडी हलत होती. डेल्मरने हसायचा प्रयत्न केला. त्याने तिच्या हाताकडे हात नेला, तेव्हा तिने हात मागे घेतला नाही, पण तो दगडासारखा होऊ दिला.

"मी कोणाबरोबर घरातून निघाले, ते मला कळत नाहीये," ती म्हणाली. "तुलाही कळत नसेल, असं मी धरून चालते. ते माझ्याकडे दे."

त्याने खिशातून नकटं काढलं आणि मुठीकडून तिच्या हातात दिलं. तिने रुमाल सोडला, चक्र उघडलं आणि एकेक करून गोळ्या भरल्या. कसं भरायचं हे त्यानेच तिला शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका रिव्हॉल्व्हरवर.

७

आता मार्च संपत आलाय. नोरीन ग्लेंडाकडेच आहे. ग्लेंडाला वाटतं नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय, आणि दोघंही तिला तसं वाटू देतात. डेल्मर टँकर चालवतो. घरी तो खिडकीकडे पाठ करून जेवतो. पुढच्या दाराने येतो-जातो. कधी सकाळी निघताना मागून कुऱ्हाडीचा आवाज येतो, आणि संध्याकाळी फोडलेली लाकडं मागच्या भिंतीला नीट रचलेली असतात, तो स्वतः रचतो तशी, साल वरच्या अंगाला. तो तिकडे जात नाही. शेरीफला त्याने कळवलेलं नाही. काय कळवणार?

रविवारी तो ग्लेंडाकडे जातो. ती त्याला जेवायला घालते आणि मेहुणीच्या हक्काने चार गोष्टी सुनावते, की पन्नाशी उलटल्यावर असं वेगळं राहणं शोभतं का तुम्हाला. गेल्या रविवारी तिने घेवड्याच्या बियांची उसळ केली होती, मक्याची भाकरी, आणि शेजारी कच्च्या कांद्याच्या जाड चकत्या. डेल्मरला भूक होती. तो मनापासून जेवला, दोनदा मागून घेतलं. नोरीन समोर बसून त्याच्या ताटाकडे बघत होती. तिचा एक हात टेबलाखाली होता. डेल्मर त्याबद्दल तिला दोष देत नाही. तिच्या जागी तो असता, तर त्यानेही तेच केलं असतं.

निघताना ती त्याला सोडायला ओट्यापर्यंत आली. हवा चांगली होती. लाल कळ्या फुटल्या होत्या. ती खांबाला टेकून उभी राहिली, त्याच्यापासून जरा लांब, कोटाच्या खिशात हात घालून. त्याला वाटलं, आज ती परत यायचं काहीतरी बोलेल.

तिने मागे वळून ग्लेंडा ऐकत नाही ना हे बघितलं.

"तो कसा आहे?" तिने विचारलं.

तिच्या आवाजात इतकी माया होती, की क्षणभर डेल्मरला वाटलं ती आपल्याचबद्दल विचारतेय.

"बाहेरच असतो ना अजून," ती म्हणाली. "थंडी होती एवढी. जेवतो का काही?"

"मागच्या पायरीवर ठेवतो मी कधीकधी," डेल्मर म्हणाला. हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. "सकाळी ताट रिकामं असतं. रॅकून खात असतील."

नोरीनच्या खांद्यांवरचा ताण उतरला. किती महिन्यांनी तो तिला असं सैल होताना बघत होता. ती दोन पायऱ्या खाली आली, जवळ, पण हात पोचणार नाही इतकं अंतर ठेवून.

"ठेवत जा," ती हळूच म्हणाली. "फक्त कांदा घालू नकोस त्यात. जन्मात सोसला नाही त्याला. नुसत्या वासानेही पोटात कळा येतात."

डेल्मरने मान हलवली. तो गाडीत जाऊन बसला, किल्ली लावली, पण फिरवली नाही. नोरीन पायरीवर उभी राहून तो जायची वाट बघत होती. त्याने तोंड मिटलं. जिभेवर अजून कांद्याची चव होती, आणि ती त्याला गोड लागत होती.